लिंकिन पार्क बघायचं तर बंगळुरूचा शुक्रवार की मुंबईचा रविवार?

तारखा पाहून मला आधी हसूच आलं. पंचवीस वर्षं ज्या अमेरिकन रॉक बँडची वाट बघितली ते येताहेत, आणि येताहेत ते तीन दिवसांत दोनदा. शुक्रवारी, 23 जानेवारी 2026 ला बंगळुरूत त्यांचा स्वतःचा कार्यक्रम. रविवारी, 25 ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर, लोलापालूझा इंडिया या दोन दिवसांच्या संगीत फेस्टिव्हलच्या दुसऱ्या दिवशी. सोमवारी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. पुण्यात बसलेल्या माणसाला याहून सोयीचं काय हवं? मग कागद-पेन घेऊन बसलं की कळतं, सोय कसली, पेच आहे.

आमच्या जुन्या हॉस्टेलच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे हाच विषय चालू आहे. "तिकीट कुठलं काढू?" असं विचारणारे सहा जण आहेत आणि सहाही जणांना वेगळं उत्तर द्यावं लागलं. तेच इथे एकत्र लिहितो. मी पुण्याहून निघणार, तेव्हा हिशेब पुण्याचा आहे. नाशिक, कोल्हापूर किंवा सोलापूरवाल्यांनी प्रवासाचे तास आपापले बदलून घ्यावेत. कोल्हापूरकरांनी तर बदलून बघाच. त्यांना बंगळुरू आपण पुणेकर समजतो तेवढं लांब नाही.

नक्की कोण येतंय

"बँड पुन्हा एकत्र आला" हे शब्द ऐकले की डोळ्यांपुढे जुना फोटो येतो. तो फोटो आधी बाजूला ठेवा, कारण पैसे त्या फोटोसाठी मोजणार असाल तर दोन्हीकडे निराश व्हाल.

कॅलिफोर्नियातल्या अगौरा हिल्सच्या शाळकरी मित्रांनी 1996 मध्ये झीरो नावाने सुरू केलेला हा बँड. गायक म्हणून चेस्टर बेनिंग्टन आला, नाव बदलत बदलत लिंकिन पार्क झालं, आणि ऑक्टोबर 2000 मध्ये 'हायब्रिड थिअरी' आला. आमच्या हॉस्टेलात तो 2001 च्या पावसाळ्यात पोचला, कॅसेटच्या रूपात. वॉकमन एक, ऐकणारे दोन. डावा कान डोंबिवलीहून आलेल्या रूममेटचा, उजवा माझा. त्या वॉकमनची पट्टी सैल झालेली, त्यामुळे गाणी किंचित मंद लयीत वाजायची. पुढे सायबर कॅफेत पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा आम्हा दोघांनाही वाटलं, हे लोक घाई का करताहेत?

20 जुलै 2017 ला चेस्टर हे जग सोडून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये उरलेल्या पाच जणांनी त्याच्यासाठी कार्यक्रम केला. त्यात एका गाण्याला माइक स्टँडवर नुसता प्रकाशझोत होता, स्टँडला फुलं लावलेली, समोर कोणी नाही. चेस्टरच्या ओळी प्रेक्षकांनी म्हटल्या. त्यानंतर सात वर्षं शांतता.

5 सप्टेंबर 2024 ला ते परतले. आपल्याकडे पहाट होती, हरतालिकेची. घरात मखराचं काम अर्धवट पडलेलं, थर्माकोलऐवजी या वर्षी पुठ्ठा वापरायचा म्हणून मी रात्रभर फेविकॉलमध्ये बरबटलेलो, आणि फोनवर ते थेट प्रक्षेपण. एमिली आर्मस्ट्राँग नावाची, डेड सारा या बँडची गायिका, पुढे आली. पहिल्या दोन मिनिटांत मी ठरवलं होतं की आवडणार नाही. तिसऱ्या मिनिटाला ती ओरडली, आणि पुठ्ठा हातातून सुटला. ती चेस्टरची नक्कल करत नाही, हे तिचं सगळ्यात मोठं शहाणपण. काही जुने चाहते अजून रुसून आहेत. त्यांनाही मी चूक म्हणणार नाही.

आता मोजणी करा. जुन्या सहापैकी स्टेजवर दिसणार तीन: माइक शिनोडा, जो हान आणि डेव्ह फॅरेल. ड्रमर रॉब बॉर्डन परत आला नाही, त्याच्या जागी कॉलिन ब्रिटन. गिटारवाला ब्रॅड डेल्सन बँडमध्ये आहे, स्टुडिओत वाजवतो, पण दौऱ्यावर येत नाही. त्याच्या जागी ॲलेक्स फेडर उभा राहतो. म्हणजे निम्मे जुने, निम्मे नवे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या अल्बमचं नाव 'फ्रॉम झीरो' ठेवलं, त्यात पहिल्या नावाची आठवणही आहे आणि शून्यापासून सुरुवातही. ही निम्मी-निम्मी गोष्ट मान्य असेल तरच पुढे वाचा.

दोन तास की दीड तास

इथे फरक सरळ आहे. या दौऱ्यातले त्यांचे स्वतंत्र कार्यक्रम साधारण दोन तास चालतात, पंचवीसच्या वर गाणी होतात, आणि नाटकासारखे अंक पाडलेले असतात. एका अंकाची हवा दुसऱ्यापेक्षा वेगळी, मध्ये जोडकाम म्हणून वाद्यांचे तुकडे, शिनोडाचा एकट्याचा रॅप, हानचं टर्नटेबल. फेस्टिव्हलमध्ये मुख्य कलाकाराच्या वाट्यालाही दीड तासाच्या आसपासच वेळ येतो, कधी त्याहून कमी. त्यांच्या आधीच्याने वेळ खाल्ली तर तीही यांच्याच खात्यावर.

अर्धा तास कापला की काय जातं? हिट गाणी जात नाहीत. ती कापली तर मैदानात दंगल होईल. जातात ती आडबाजूची गाणी, नव्या अल्बममधली कमी ऐकलेली गाणी आणि ते मधले तुकडे. तुम्हाला त्यांची आठ-दहाच गाणी पाठ असतील तर ही कापाकापी तुमच्या पथ्यावरच पडते: मुंबईत हिट गाण्यांमधलं अंतर कमी असेल. आमच्या ग्रुपमधल्या एकाला मी हेच सांगितलं. तो चिडला. "मला काय आठच गाणी येतात?" मी म्हटलं, नववं सांग. त्याने फोन ठेवला आणि अर्ध्या तासाने नववं सांगायला परत केला.

उलट 'हायब्रिड थिअरी'तलं शेवटचं गाणं सुद्धा पहिल्या ठोक्यात ओळखणाऱ्या जमातीतले तुम्ही असाल, तर हा अर्धा तास म्हणजेच तुमचं तिकीट. बंगळुरू.

शेजारी कोण उभं असेल

हा मुद्दा लोक तिकीट काढताना धरतच नाहीत. मी तो सगळ्यात वर ठेवतो.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या फेस्टिव्हलला (कुठल्या ते जाऊ दे) मी दुपारपासून पुढे जागा धरून उभा होतो. रात्री मुख्य बँड आला तेव्हा माझ्या पुढच्या तीन रांगांमध्ये आधीच्या डीजेसाठी आलेली मंडळी होती. त्यांना हा बँड माहीतही नव्हता. त्यांची चूक काही नाही, त्यांनीही तिकीट काढलेलं. पण मी ज्या गाण्यासाठी इतके तास पाय मोडून घेतले होते, त्या गाण्याला माझ्यासमोर एक मुलगी स्टेजकडे पाठ करून मैत्रिणीचा व्हिडिओ काढत होती, आणि मागच्या प्रकाशात तिला माझं तोंड नको होतं. "अंकल, थोडं बाजूला?" मी झालो बाजूला. अंकल म्हटल्यावर माणूस काय करणार.

स्वतंत्र कार्यक्रमात हे होत नाही. तिथे आलेला प्रत्येक जण एकाच बँडसाठी आलेला असतो. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधीच पार्किंगमध्ये कोणीतरी गुणगुणत असतो आणि अनोळखी माणूस पुढची ओळ जोडतो. इतर बँडच्या बाबतीत ही चैन म्हणता येईल. या बँडच्या बाबतीत ती गरज आहे, कारण इथे एक आवाज कायमचा वजा झालेला आहे. एमिली तिच्या वाट्याचं गाते, पण जुन्या गाण्यांत चेस्टरची जागा भरतात ते समोरचे लोक. हॉलिवूड बोलमधल्या त्या रिकाम्या माइकपासून ही रीत पडली आहे. समोरच्यांना ओळी येत नसतील तर त्या गाण्यात भोक पडतं.

मुंबईची बाजूही मांडायला हवी. लोलापालूझात दोन दिवस, अनेक स्टेज, दुपारपासून रात्रीपर्यंत गाणं. 2023 च्या जानेवारीत हा फेस्टिव्हल पहिल्यांदा आशियात आला तो इथेच, महालक्ष्मीला, आणि पहिल्याच वर्षी इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स आले. 2025 मध्ये ग्रीन डे. ज्यांचं नावही ऐकलेलं नाही असा एखादा बँड दुपारी चारच्या उन्हात शंभर माणसांसमोर जीव तोडून वाजवत असतो, आणि पुढचे सहा महिने तुम्ही फक्त तोच ऐकता. फेस्टिव्हलची खरी कमाई ही. एकट्या बँडच्या कार्यक्रमाला ती नाही.

शिवाय या फेस्टिव्हलचा जन्मच गमतीशीर आहे. 1991 मध्ये पेरी फॅरेलने तो सुरू केला तो त्याच्या जेन्स ॲडिक्शन या बँडचा निरोपाचा दौरा म्हणून. बँड मोडला, निरोपसमारंभ टिकला. पुढे तो बँड अनेकदा जुळला आणि मोडला. 2024 मध्ये मूळचे चौघं पुन्हा एकत्र आले, आणि सप्टेंबरात बॉस्टनला चालू कार्यक्रमात फॅरेल आणि गिटारवाला डेव्ह नॅव्हारो यांची स्टेजवरच जुंपली. दौरा तिथेच आटोपला. तेव्हा "या वेळी राहू दे, पुढच्या वेळी बघू" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पुन्हा जुळलेल्या बँडच्या बाबतीत पुढची वेळ कोणी लिहून देत नाही. ओएसिसचे दोघे भाऊ 2009 मध्ये पॅरिसला भांडून वेगळे झाले ते 2025 च्या जुलैत कार्डिफला एकत्र उभे राहिले. मध्ये सोळा वर्षं गेली.

जायचं कसं, आणि यायचं कसं

जाण्याची चिंता कोणीच करू नये. सगळी मेख परतीत असते.

मुंबई आधी. रेसकोर्स शहराच्या पोटात आहे, हा तिचा हुकमाचा एक्का. पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्टेशन चालण्याच्या अंतरावर. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 आरे ते कफ परेड पूर्ण सुरू झाली आहे, तिची महालक्ष्मी आणि सायन्स सेंटर ही दोन स्टेशनं याच भागात. पुण्याहून रविवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरली तर साडेदहाच्या आत सीएसएमटी. रविवार असल्यामुळे मेगाब्लॉक कुठे आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. हे मुंबईकराला सांगावं लागत नाही, पुणेकराला दर वेळी सांगावं लागतं.

परत येताना दोन गोष्टी बरोबरीने चालतात. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा हिशेब. खास परवानगीशिवाय तो मोडत नाही. म्हणून असे कार्यक्रम साधारण दहापर्यंत आटोपतात. चर्चगेटहून लोकल एक वाजेपर्यंत मिळतात. मेट्रोचा शेवटचा फेरा त्याच्या आधीच संपतो, तिच्या भरवशावर राहू नका. आणि कॅबच्या तर अजिबात नको. दहा वाजून पाच मिनिटांनी हजारो लोक एकाच चौकात उभे राहून एकच ॲप उघडतात तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय: गाडी सात मिनिटांवर दिसते, आणि चाळीस मिनिटं सात मिनिटांवरच राहते. सरळ स्टेशनकडे चालायला लागा, लोकलने दादरला उतरा, तिथून रात्रीची शिवनेरी. तिकिटाचा खर्च पाच-सहाशेच्या घरात. जोडून आलेल्या सुट्टीमुळे बोरघाटात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी गाड्यांची माळ लागेल, पण ती पुण्याकडे येणारी. रविवारी मध्यरात्री घाट बऱ्यापैकी मोकळा मिळावा. स्वतःची गाडी नेणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

बंगळुरूचं गणित उलटं आहे. पुण्याहून सुमारे 840 किलोमीटर. उद्यान एक्सप्रेसला वीस तासांच्या वर लागतात, तेव्हा शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी गुरुवारी दुपारीच निघायला हवं. स्लीपर बस रात्रभराची, सातारा-कोल्हापूर-बेळगाव-हुबळी असा सगळा जुना रस्ता झोपेत पार होतो. पण तो रस्ता रुंदीकरणाच्या कामांनी जागोजागी उकरलेला, त्यामुळे "झोपेत" या शब्दावर फार जाऊ नका. विमान दीड तासाचं.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार चांगली जुळली आहे. कार्यक्रमाची जागा, ब्रिगेड इनोव्हेशन गार्डन्स, विमानतळाच्याच बाजूला आहे, देवनहळ्ळीकडे. खुद्द बंगळुरूकरांना ती लांब पडते. कोरमंगलाहून निघालेला माणूस शुक्रवार संध्याकाळची हेब्बाळची गर्दी फोडून येईल तेव्हा त्याच्या तोंडाला फेस आलेला असेल. तुम्ही लोहगावहून दुपारी उडून त्याच्या आधी पोचाल. ही तर सरळ सरळ मौज आहे. मुक्कामही शहरात न करता विमानतळाच्या आसपासच करा. शहराकडे जायला बीएमटीसीच्या वायुवज्र बस विमानतळावरून सुटतात, त्या शनिवारी सकाळी वापरा.

कार्यक्रमानंतरची रात्र मात्र तिथे अवघड. मी एकदा एका शहराबाहेरच्या मैदानावर कार्यक्रम ऐकून मित्राच्या गाडीत बसलो तो दोन तास पार्किंगमध्येच होतो. बाहेर पडायला वाट एक, गाड्या हजारो, आणि शिट्टी वाजवणारा माणूस एकच, तोही बहुधा घरी निघालेला. पुढच्या गाडीतल्या काकूंनी डबा उघडला आणि आम्हाला थालीपीठ दिलं. त्यानंतर मी नियम केला: शहराबाहेरचा कार्यक्रम असेल तर परतीची गाडी आधी ठरवलेली हवी, चालकाचा नंबर कागदावर लिहिलेला हवा (फोनचं नेटवर्क अशा गर्दीत हमखास झोपतं), आणि भेटायची जागा मुख्य फाटकापासून निदान अर्धा किलोमीटर पुढे.

उरलेले दोन दिवस

वीकेंड म्हणून बघितलं तर बंगळुरू सरळ जिंकतं, कारण तिथे कार्यक्रम आधी उरकतो आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात. मुंबईत कार्यक्रम शेवटी येतो. तोवर पाय राखून ठेवायचे, त्यामुळे धड फिरणं होत नाही.

देवनहळ्ळीला राहिलात तर शनिवारी पहाटे नंदी हिल्स, वीस-पंचवीस किलोमीटरवर. कान अजून सुन्न असतात, वर धुकं असतं, कोणी बोलत नसतं. मोठ्या आवाजानंतर याहून चांगला उतारा मला माहीत नाही. मग शहरात: बसवनगुडीला विद्यार्थी भवन, 1943 पासूनचं. तिथला डोसा जाड, कडेला कुरकुरीत आणि मध्ये लोण्याने भिजलेला, आणि वेटर हातावर एकावर एक दहा-बारा ताटल्यांची उतरंड घेऊन येतो ते बघायला सुद्धा रांग लावावी. चर्च स्ट्रीटवर जुनी पुस्तकं. आणि मराठी माणसाने एवढं तरी आठवावं की 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतलं तेव्हापासून ते शहाजीराजांच्या जहागिरीत होतं. "परक्या गावी चाललोय" असं म्हणायचं काही कारण नाही.

थंडीचं मात्र बघा. जानेवारीत बंगळुरूची रात्र पंधरा-सोळा अंशांवर उतरते, आणि उघड्या माळावर ती जास्त लागते. स्वेटर कमरेला बांधून न्या. मुंबईत त्याच आठवड्यात दुपारी तीसच्या आसपास तापमान आणि हजारो पायांनी उडवलेली धूळ. तोंडाला रुमाल, बंद बूट. हे दोन्हीकडे चालेल, चप्पल कुठेच चालणार नाही.

मुंबईत शनिवारीही जाणार असाल, दोन्ही दिवसांचा पास काढून, तर नातेवाइकांकडे मुक्काम ठोका. प्रत्येक पुणेकराचं कोणीतरी ठाणे, डोंबिवली, बोरिवलीत असतंच. रात्री बाराला त्यांचं दार वाजवणार हे आधी सांगून ठेवा, आणि घरात आजी असेल तर हातावरचा रिस्टबँड कसला, हॉस्पिटलचा का, या प्रश्नाची तयारी ठेवा. रविवारी दुपारी दादरला उतरून साबुदाणा वडा, पियुष खाऊन-पिऊन निघा. आतल्या स्टॉलवरचं खाणं महाग असतं आणि रांगेत गाणी जातात.

रजा, झेंडावंदन, खिसा

सोमवारी सुट्टी आहे म्हणून रविवारचा कार्यक्रम सोपा, असं सगळे म्हणताहेत. ते खासगी नोकरीवाले. मी कॉलेजात शिकवतो. 26 जानेवारीला मला सकाळी आठच्या आत मैदानावर इस्त्रीच्या शर्टात उभं राहायचं असतं, कारण मुख्य शासकीय कार्यक्रम सव्वानऊला आणि संस्थांनी आपापलं साडेआठच्या आत उरकायचं. रविवारी रात्री दादरहून बस, पहाटे तीन-साडेतीनला घर, आणि आठला "राष्ट्रगीत, सावधान". आवाज बसलेला असेल, त्यामुळे राष्ट्रगीत नुसतं ओठांनी. शाळेत जाणारं पोर बरोबर नेणार असाल तर त्यालाही हेच. सरकारी, निमसरकारी, शाळा-कॉलेजवाल्यांनी हा मुद्दा डोक्यात ठेवून मगच मुंबई धरावी.

बंगळुरूसाठी शुक्रवारची एक सीएल, म्हणजे किरकोळ रजा, लागते. आमच्याकडे जानेवारीत नवीन खातं उघडलेलं असतं, त्यामुळे रजा शिल्लक असते. कारण काय लिहायचं हा प्रश्न वेगळा. त्या दिवशी तिथीने वसंत पंचमी आहे. "सरस्वतीच्या उपासनेसाठी" असं लिहायचा मोह मी टाळतोय.

पैशाबद्दल थोडक्यात. पुणेकराला मुंबईचा प्रवास स्वस्त, मुक्काम फुकट होऊ शकतो, आणि एका तिकिटात दिवसभराचे बँड. बंगळुरूला विमान आणि हॉटेल हे दोन्ही खर्च तिकिटाच्या वर चढतात, आणि जोडसुट्टीच्या आठवड्यात विमानभाडं रोज सकाळी वेगळं असतं. शुक्रवारी दुपारी जाऊन शनिवारी रात्री किंवा रविवारी सकाळी परतलात तर सुट्टीवरून येणाऱ्या सोमवारच्या लोंढ्यातून सुटता. तरीही एका माणसामागे बंगळुरू महागच. दोघं-तिघं जाणार असाल तर हा फरक डोळ्यांत भरण्याइतका होतो. कुटुंब घेऊन जाणाऱ्याने बंगळुरूचा विचारही करू नये. मुंबईत कंटाळलेल्या मुलाला दुसऱ्या स्टेजकडे नेता येतं, गवतावर बसवता येतं. एकट्या बँडच्या मैदानात कंटाळायला दुसरी जागा नसते.

दोन्हीकडे जाणारे वीरही आहेत. शुक्रवारी तिकडे, शनिवारी विमानाने मुंबई, रविवारी रेसकोर्स. चाळिशीच्या आतल्यांनी करावं. मी शनिवारी पायऱ्या उतरताना जिन्याचा कठडा धरून असेन.

तर आमच्या ग्रुपचा निकाल असा लागला. आठ गाणीवाला (आता नऊ) मुंबईला, बायको आणि बारा वर्षांच्या लेकीसह. लेकीला शनिवारचंही तिकीट हवंय. लिंकिन पार्क तिच्या दृष्टीने "बाबांचं" आहे. कोल्हापूरवाला बंगळुरूला, रात्रीच्या बसने. तो म्हणतो पुण्याला यायला लागतात त्याच्या दुप्पट-अडीचपट तास, एवढंच. एक जण रुसलेला आहे, चेस्टर नाही तर काही नाही, तो कुठेच येणार नाही आणि आम्ही त्याला आग्रह केलेला नाही.

मी बंगळुरूचं एक तिकीट काढलं. एकच. डाव्या कानवाला डोंबिवलीकर येईल असं वाटलं होतं, पण त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री घरी परतायलाच हवं. त्यामुळे त्याने मुंबईचं काढलं: महालक्ष्मीहून दादर, पूल ओलांडून मध्य रेल्वे, साडेअकराची कर्जत किंवा अंबरनाथ लोकल, साडेबाराला आईची गोळी. त्याने माझ्याकडून एक वचन घेतलंय. शुक्रवारी कुठलं गाणं कितव्या नंबरला वाजलं, हे रविवारी रात्रीपर्यंत त्याला कळता कामा नये. मी फोन करायचा नाही, स्टेटस टाकायचं नाही, ग्रुपवर अंगठासुद्धा नाही.

"आणि ती चांगली ओरडली तर?" मी विचारलं.

"तर तू एकटा ऐक," तो म्हणाला. "वॉकमन तुझाच होता."